गेटापासून पोर्चपर्यंतचा खर्च : आधी थर मोजा, मग दर विचारा

गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरासमोर गाडीच्या वाटेवर पहिल्यांदा पेव्हर, म्हणजे सिमेंटचे जाड ब्लॉक, घातले तेव्हा मी कॉन्ट्रॅक्टरला एकच गोष्ट विचारली होती, स्क्वेअर फुटाला किती? त्याने आकडा सांगितला, मी लांबी रुंदीने गुणलं, बजेटात बसतंय म्हटलं आणि काम दिलं. मे महिन्यात काम झालं, दिसायला एकदम छान, आणि चवथीला पाहुणे आले तोपर्यंत गाडीची चाकं जिथून जातात तिथे दोन लांब चर पडलेले आणि पोर्चच्या पायरीला पाणी टेकलेलं. पाऊस गेल्यावर एक ब्लॉक पहारीने उचलून बघितला, खाली खडीचा एक कण नाही, दोन बोटं डस्ट (क्रशरची दगडी भुकटी) आणि त्याखाली सरळ तांबडी माती, हातात घेतली तर आंबिलीसारखी गळणारी. ब्लॉक सगळे चांगले होते, एकही फुटला नव्हता. खाली काही नव्हतंच.

तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतो की फुटाचा दर शेवटी विचारा. दर महिन्यागणिक बदलतो, म्हापशात वेगळा आणि वाळपईत वेगळा, म्हणून इथे मी दर देत नाही. माल किती लागतो ते मात्र कुठेही तेवढंच राहतं, आणि ते एकदा कागदावर आलं की कोण काय वगळतोय ते लगेच दिसतं.

उदाहरणाला ४० फूट लांब आणि १० फूट रुंद वाट धरूया, म्हणजे ४०० स्क्वेअर फूट, मीटरमध्ये ३७.२ चौरस मीटर (१०.७६ ने भागायचं). मोजताना टेप लावायच्या आधी गाडी एकदा आत घ्या आणि बाहेर काढा, चाकं कुठून वळतात तिथे चुन्याने खूण करा. गेट रस्त्याला तिरकं असेल तर तोंडाशी १० फूट पुरत नाहीत, १२ तरी लागतात. तुळशीवृंदावन मधे असेल तर त्याच्या भोवतीची जागा वेगळी मोजा आणि एकूणातून वजा करा, पण तिथे ब्लॉक कापून बसवावे लागतात हे लक्षात ठेवा. वाकडीतिकडी जागा असेल तर चौकोन आणि त्रिकोण पाडून मोजायची, अंदाजपंचे नको.

आता थर. गाडीच्या वाटेला ६० मिमी जाडीचा ब्लॉक चालतो, पण पाण्याचा टँकर किंवा भरलेला टिपर आत येणार असेल तर ८० मिमीच घ्या. ब्लॉकखाली साधारण ३० मिमी क्रशर सँडचा किंवा डस्टचा बेड, आणि त्याखाली निदान १५० मिमी म्हणजे ६ इंच खडी-मुरुमाचा दाबलेला बेस. सगळं मिळून २४० मिमी, साडेनऊ इंच. म्हणजे तेवढं खणावं लागणार, ३७.२ गुणिले ०.२४ म्हणजे जवळपास ९ घनमीटर, आणि खणलेली माती फुगते म्हणून टिपरात भरताना ती ११ घनमीटर होते. ही माती कुठे टाकणार आणि भाडं कोण देणार हे कोटेशनमध्ये असतंच असं नाही, विचारा.

बेसची खडी दाबलेली ५.६ घनमीटर लागते, पण ती येते सुटी, म्हणून ३० टक्के जास्त धरायची, सव्वासात घनमीटरच्या आसपास. कोणी ब्रासमध्ये बोललं तर १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे हीच खडी अडीच ब्रासला थोडी जास्त झाली. बेडची डस्ट दीड घनमीटर मागवा. ब्लॉक ४०० नाही, ४२० स्क्वेअर फूट, कारण कापाकापीत पाच टक्के जातात, हेरिंगबोन (तिरके, एकमेकांत अडकवलेले ब्लॉक) पॅटर्न हवा असेल तर आणखी थोडे. दोन्ही बाजूंना कर्ब, म्हणजे कडेला घट्ट बसवलेली दगडांची ओळ, लागणार, ४० आणि ४०, ८० रनिंग फूट. कर्ब वाचवायचा प्रयत्न कोणी करत असेल तर ऐकू नका, कड नसली की ब्लॉक बाजूला सरकतात, सांधे उघडतात, आणि मग मधलेही हलायला लागतात. आमच्याकडे चिरे (जांभा दगड) उभे गाडून सिमेंटात बसवतात तेही चांगलं टिकतं.

अजून एक गोष्ट बरेच लोक विसरतात ती म्हणजे वजन. ४२० फूट ब्लॉक पाच टनांच्या वर भरतात, खडी त्याच्या दुपटीहून जास्त. रस्त्यापासून घरापर्यंत टिपर येत नसेल, आणि आपल्या जुन्या वाड्यांमधे कितीतरी ठिकाणी येत नाही, तर हे सगळं घमेल्याने नाहीतर छोट्या रिक्षेने आत न्यावं लागतं आणि त्याची मजुरी वेगळी. कॉन्ट्रॅक्टरला फोनवर दर विचारू नका, जागेवर बोलवा.

धुम्मस, म्हणजे बेस थराथराने दाबून घट्ट बसवणं, हा शब्द कोटेशनमध्ये लिहून घ्या. सहा इंच बेस एकदम ओतून वरून मशीन फिरवलं तर वरचाच भाग बसतो, तीन तीन इंचांचे दोन थर घालून, थोडं पाणी मारून, प्रत्येक थरावर बेबी रोलर किंवा प्लेट व्हायब्रेटर फिरवायला हवा. मशीनचं भाडं दिवसावर असतं, म्हणून कोणी तो दिवस वाचवतो, आणि माझे दोन चर त्या वाचवलेल्या दिवसाचेच होते.

काँक्रीट करायचं असेल तर हिशोब वेगळा. ४ इंच जाडी धरली तर ४०० फुटांना १३३ घनफूट म्हणजे ३.८ घनमीटर काँक्रीट. एम-२० ग्रेडला (सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन) घनमीटरला ८ पोती सिमेंट, म्हणजे ३० पोती, वाळू दीड घनमीटरच्या थोडी वर आणि खडी सव्वातीन. ८ मिमीची सळी उभी आणि आडवी दर ८ इंचांवर टाकली तर चौरस मीटरला ४ किलो, सगळी मिळून १५० किलो, ओव्हरलॅप धरून १६० मागवा. यातही खालचा बेस लागतोच, निदान ४ इंच. सळी जमिनीवर पडून राहिली तर तिचा उपयोग नाही, खाली कव्हर ब्लॉक (सिमेंटचे छोटे ठोकळे) ठेवून वर उचलायची, आणि समुद्राजवळ राहत असाल तर यात अजिबात ढिलाई नको, गंज लवकर येतो. दर ८ ते १० फुटांवर ग्रूव्ह (आडव्या खाचा) कापायचे, त्याचा खर्च धरा, नाहीतर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडकतं. निदान १० दिवस पाणी मारायचं आणि दोन आठवडे तरी गाडी बाहेर ठेवायची. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, तेव्हा कोणी जुनं कोटेशन तसंच पुढे सरकवत असेल तर विचारा, आणि सांगितलेला दर जीएसटी धरून की सोडून हेही.

दोन्हीत काय घ्यायचं, तर माझं मत पेव्हर. कारण साधं आहे, पाइप फुटला किंवा केबल टाकायची झाली तर उचलून परत बसवता येतात. आंब्या-फणसाच्या मुळांजवळ तर काँक्रीट नकोच. पण उतार जास्त असेल, गाडी चढावर न्यावी लागत असेल, तर आडव्या रेघा मारलेलं काँक्रीट चांगलं, पावसात शेवाळ आलं तरी टायर पकडतो. चिऱ्याची फरशी दिसते सुंदर, पण सावलीत असेल तर जुलैमध्ये त्यावर चालणंही कठीण, घरात म्हातारी माणसं असतील तर विचार करा.

आता पाणी, आणि गोव्यात खर्चाचा अर्धा विचार इथे व्हायला हवा. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. ३७ चौरस मीटर गुणिले ३ मीटर, म्हणजे या एवढ्याशा वाटेवर एका पावसाळ्यात एक लाख लिटरच्या वर पाणी पडतं, १० हजार लिटरचे अकरा टँकर. छपराचं पाणी वेगळंच. हे सगळं जायला वाट पाहिजे. फुटाला पाव इंच ढाळ घराच्या उलट दिशेला, म्हणजे १० फुटांत अडीच इंच, हे ट्यूब लेवलने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) स्वतः उभं राहून तपासा. जागेचा उतारच घराकडे असेल तर पोर्चच्या आधी आडवं गटार आणि त्यावर लोखंडी जाळी, ती गाडीचं वजन घेणारी हवी, आणि हा आकडा वेगळी ओळ म्हणून मागा.

कौलांच्या घरांना पागोळ्यांची ओळ बघा. पागोळ्या बरोबर ब्लॉकच्या सांध्यांवर पडत असतील तर दोन पावसाळ्यांत बेडची वाळू धुऊन जाते. एकतर पन्हळ लावा, नाहीतर त्या ओळीत फूटभर रुंद गोट्यांची पट्टी सोडा, खर्चही कमी आणि पाणीही मुरतं.

गेटासमोर रस्त्याचं गटार असेल तर त्यावरून जायला ह्यूम पाइप (काँक्रीटचा मोठा पाइप) किंवा स्लॅब लागतो. परस्पर घालू नका, आधी पंचायतीत विचारा, रस्ता पीडब्ल्यूडीचा असेल तर त्यांना. आणि वाट जर शेजाऱ्याच्या किंवा भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीतून जात असेल तर एक रुपया घालायच्या आधी लेखी संमती घ्या, वर्षानुवर्षं चालत आलोय म्हणून काँक्रीट घालता येतं असं नाही.

सेप्टिक टँक किंवा सोकपिट (पाणी मुरवायचा खड्डा) गाडीच्या वाटेखाली येतंय का तेही बघा. त्याचं झाकण माणसाच्या वजनाचं असतं, गाडीच्या नाही. एकतर वाट वळवा, नाहीतर इंजिनिअरकडून जाड स्लॅबचं डिझाइन करून घ्या. खणलेलं असतानाच ४ इंची रिकामा पीव्हीसी पाइप आडवा टाकून ठेवा, पुढे गेटाची मोटर किंवा बागेचं पाणी न्यायला उपयोगी पडतो.

जुनं बदलायचं असेल तर सगळं नवीन घेऊ नका. पेव्हर खचले असतील तर ब्लॉक धुऊन परत वापरता येतात, आम्ही तेच केलं, ४०० फुटांत जेमतेम २० नवीन लागले. खर्च झाला तो खणणं, खडी, धुम्मस आणि बसवायची मजुरी यांचा, जे पहिल्यांदाच व्हायला हवं होतं. जुनं काँक्रीट फोडायचं असेल तर ४ इंचाच्या ४०० फुटांचे जवळपास ९ टन तुकडे निघतात, ब्रेकरचं भाडं आणि वाहतूक धरा. ते लहान फोडून सोलिंगला (बेसच्या तळाच्या दगडी थराला) खाली घालता येतात, तेवढी खडी वाचते.

हे सगळं एका कागदावर लिहा, प्रत्येक थराची जाडी, कर्बची लांबी, गटार, माती उचलणं, धुम्मस किती थरांत, आणि तोच कागद तिघांना द्या. समजा एकाने फुटाला ८० सांगितले आणि दुसऱ्याने ११५, तर ४०० फुटांत १४ हजारांचा फरक दिसतो, पण ८० वाल्याच्या कागदावर बेसची ओळच नसेल तर तो स्वस्त नाही. जो मुकादम विचारतो, "बाब, पाणी कुठे सोडायचं?" त्याला मी थोडे जास्त द्यायला तयार असतो. एकूण आकड्यावर १० टक्के वर ठेवा, खणल्यावर काय निघेल सांगता येत नाही.

काम पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, मे महिन्यात सगळ्यांनाच घाई असते. आणि पैसे देताना १० टक्के पहिल्या जोराच्या पावसानंतर देणार हे आधीच ठरवा. त्या दिवशी छत्री घेऊन बाहेर उभे राहा, चाकांच्या ओळीत डबकं दिसतंय का, पोर्चजवळ पाणी थांबतंय का ते बघा, फोटो काढा, आणि मगच ते पैसे सोडा.