१९५२च्या निवडणुकीवर लिहिताय? या चुका टाळा

गेली तीसेक वर्षं मी स्मरणिका, गौरवग्रंथ आणि गावोगावच्या अमृतमहोत्सवी अंकांची मुद्रितं तपासतो आहे. ‘आपल्या तालुक्याचे पहिले आमदार’ हा लेख त्यात हटकून असतो, आणि त्यातल्या चुकाही ठरलेल्या असतात. लिहिणारी मुलं हुशार असतात, पण त्यांना फार घाई असते. मोबाईलवर एक तक्ता सापडला की लेख झालाच म्हणून समजतात.

पहिली चूक नकाशाची. ‘१९५२ साली महाराष्ट्र विधानसभेची पहिली निवडणूक झाली’ हे वाक्य मी किती वेळा खोडलं असेल, मोजदाद नाही. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. होतं ते मुंबई राज्य: मुंबई शहर, कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, शिवाय अहमदाबाद, सुरत, बडोदा आणि खाली बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार. विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्याचे आमदार नागपूरच्याच विधानसभेत बसायचे. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात मराठी माणूस तीन वेगवेगळ्या विधानसभांसाठी मत देत होता. मराठवाड्यातल्या एका अंकात पहिल्या आमदारांना थेट मुंबईत शपथ घ्यायला लावली होती. त्यांचं सगळं काम हैदराबादला झालेलं. घरच्या लोकांना किती वाईट वाटलं असेल!

याच चुकीचं पिल्लू म्हणजे ‘२८८ पैकी २६९ जागा काँग्रेसला’. २६९ बरोबर आहे, पण त्या ३१५ पैकी. शेतकरी कामगार पक्षाला १४ मिळाल्या, समाजवाद्यांना ९. महाराष्ट्र राज्याची पहिली निवडणूक १९६२ची. तेव्हा जागा २६४ होत्या आणि काँग्रेसच्या २१५ आल्या. मी लिहायला बसण्याआधी त्या वेळचा नकाशा कागदावर हाताने काढतो. वेडावाकडा आला तरी चालतो, पण तो काढल्याशिवाय आकड्यांना हात लावत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जीव तोडून सांगतो. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या अंकासाठी मी जुने निकाल जमवले. एकूण मतं घेतली, मतदारांच्या संख्येने भागलं, तर मतदान आलं ११४ टक्के. मला वाटलं, छपाईत आकडा चुकला असणार. मी तो ‘दुरुस्त’ केला आणि अंक छापला. आठवड्याने एक निवृत्त गुरुजी घरी आले. त्या निवडणुकीत ते मतदान केंद्रावर कामाला होते. काही न बोलता त्यांनी टेबलावर चार काडेपेट्या मांडल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने एकेक चिन्ह काढलं, आणि माझ्या हातात कागदाचे दोन कपटे दिले. म्हणाले, “टाका मत.” मी दोन्ही एकाच पेटीत टाकले. गुरुजी म्हणाले, “यातलं एक बाद.”

तेव्हा कागदावर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. जिथे राखीव जागा होती तिथे बहुतेक ठिकाणी मतदारसंघ द्विसदस्य असे: एक जागा राखीव, एक सर्वसाधारण, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत. म्हणून मतांची बेरीज मतदारांपेक्षा जास्त भरू शकते. माझे ११४ टक्के चुकीचे नव्हते, त्यांचा अर्थ मला कळला नव्हता.

देशाच्या आकड्यातही हाच खड्डा आहे. लोकसभेला १७.३ कोटी मतदार आणि साधारण १०.६ कोटी मतं, सरळ भागलं तर ६१ टक्के येतात. पण अधिकृत आकडा ४५च्या आसपास दिसतो, कारण तिथे द्विसदस्य मतदारसंघातले मतदार दोनदा धरले आहेत. दोनाने भागून मोकळं होण्याचा आडमार्ग मला पटत नाही. सगळ्यांनी दोन्ही मतं वापरली होती, हे कशावरून? मी ‘पडलेली मतं’ एवढंच लिहितो आणि मतदारसंघ द्विसदस्य होता हे शेजारी नोंदवतो.

आता झटपट:

‘१९५१ची निवडणूक’ आणि ‘१९५२ची निवडणूक’ अशा दोन नव्हत्या. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी ती एकच चालली.

मतदाराचं वय २१. अठरा वर्षं १९८९पासून झाली.

काँग्रेसचं चिन्ह बैलजोडी. पंजा तेव्हा फॉरवर्ड ब्लॉक या वेगळ्या पक्षाच्या रुईकर गटाकडे होता, म्हणून जुन्या फोटोत हात दिसला की ‘काँग्रेस’ लिहू नका.

मोरारजी देसाई १९५२ला निवडून आले नव्हते, थोडक्यात पडले होते. तरी बाळासाहेब खेरांनंतर मुख्यमंत्री तेच झाले.

‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच सांगितल्यामुळे सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून गेली, हे खरं आहे. पण त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. आपल्या तालुक्याच्या लेखात हा आकडा चिकटवू नका.

आणि एक चूक मला फार लागते. ‘बाबासाहेबांना काजरोळकरांनी हरवलं’ असं एका ओळीत उरकून टाकतात, जणू दोघांचीच सरळ लढत होती. ती उत्तर मुंबईची लोकसभेची जागा, मतदारसंघ द्विसदस्य. बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी. काँग्रेसच्या काजरोळकरांना १,३८,१३७ मतं पडली, बाबासाहेबांना १,२३,५७६. हजारो मतपत्रिका बाद झाल्या, आणि त्या निकालाविरुद्ध बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून तक्रार अर्ज केला. दोन मतं, दोन जागा आणि बाद झालेले कागद हे सांगितल्याशिवाय तो पराभव लिहू नका. जागा कमी पडत असेल तर संपादकाकडे आणखी अर्धं पान मागा. मी तरी ते नेहमी देतो.