‘बाकीचं काहीही टाक’ : पहिल्या वर्षाला भाषा आणि जोडविषय निवडताना या चुका टाळा

जूनमध्ये बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरचं जेवणाचं टेबल जेवायला मिळत नाही. बारावी झालेली भाचरं, पुतणे, शेजारच्या वाड्यातली मुलं आपापले फॉर्म घेऊन तिथे बसलेली असतात. मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना भाषा शिकवली, म्हणून त्यांच्या आया त्यांना माझ्याकडे धाडतात. मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता, यावर घरात वर्षभर खल झालेला असतो. सायकॉलॉजी की इकॉनॉमिक्स, यावर काका-मामांची मतंही घेऊन झालेली असतात. मग बोट खालच्या रकान्यांवर येतं. मल्टिडिसिप्लिनरी, एईसी, एसईसी, व्हीएसी. आणि ठरलेलं वाक्य कानावर पडतं, “मावशी, बाकीचं काहीही टाक ना.”

या वाक्याची मला खरंच काळजी वाटते. डिसेंबरमध्ये हीच मुलं तोंड पाडून परत येतात, आणि अडचण बहुतेक वेळा त्या ‘बाकीच्या’तच असते.

‘बाकीचं’ म्हणजे किती, हे न मोजणं

यूजीसीने म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा दिला आणि गुजरातेत तो २०२३-२४ पासून लागू झाला. राज्याच्या रचनेत पहिल्या सत्राला २२ क्रेडिट असतात; क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप. त्यांतले ८ मेजरचे आणि ४ मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे. उरलेले १० असे : मल्टिडिसिप्लिनरी म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या विषयाचे ४, एईसी म्हणजे भाषा आणि संवादकौशल्याचे २, एसईसी म्हणजे हाताला काही काम शिकवणाऱ्या विषयाचे २, आणि व्हीएसी म्हणजे मूल्यशिक्षण किंवा भारतीय ज्ञानपरंपरेचे २.

म्हणजे बावीसपैकी दहा. जवळजवळ निम्मे!

मी मुलांना कागदावर हिशेब करायला लावते. ग्रेड दहाच्या मापावर असते आणि सत्राची सरासरी क्रेडिटच्या वजनाने निघते. समजा, मेजर-मायनरच्या १२ क्रेडिटना ७ गुण मिळाले. ‘बाकीच्या’ दहांना ९ मिळाले तर सत्राची सरासरी ७.९१ येते, ५ मिळाले तर ६.०९. मेजरचा अभ्यास दोन्हीकडे तितकाच, पण गुणपत्रिका अगदी वेगळी. मास्टर्सला किंवा दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करताना आधी ती सरासरीच पाहिली जाते. आणि दोन क्रेडिटच्या पेपरात नापास झालं तरी एटीकेटी ती एटीकेटीच, पुढच्या सत्रात डोक्यावर बसते.

भाषा निवडताना होणाऱ्या चुका

इथे मी जरा जास्त थांबणार आहे. यूजीसीच्या आराखड्यात एईसीला एकूण ८ क्रेडिट आहेत, म्हणजे दोन-दोन क्रेडिटचे चार पेपर. पहिल्या दिवशी घाईत टाकलेली भाषा दोन वर्षं सोबत राहू शकते. आणि बडोद्यातल्या मराठी मुलापुढचा प्रश्न पुण्यातल्या मुलापेक्षा वेगळा असतो. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांत तो वाढलेला असतो. चारही बोलता येतात म्हणून चारही येतात असं त्याला वाटतं.

पहिली चूक : “मराठी घेतो, घरचीच आहे.” मराठी जरूर घ्या. कुणी घेतली की मला आनंदच होतो. पण घरची आहे म्हणून सोपी, असं धरून घेऊ नका. आमच्या वाडीतला एक मुलगा मराठी अस्खलित बोलायचा. आजीच्या तोंडच्या म्हणी त्याला पाठ होत्या. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमात. पहिल्या चाचणीत त्याने ‘मला हे आवडते नाही’ असं लिहिलं, ‘पाणी’चं ‘पानी’ केलं आणि ‘कवी’ला ‘कवि’ लिहिलं. पहिलं वाक्य गुजरातीच्या वळणाचं. बाकीचे दोन शब्द हिंदीच्या पुस्तकातून आलेले. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार सहसा दीर्घ लिहितात, संस्कृतातून आलेल्या शब्दांचाही. म्हणून आपल्याकडे कवी आणि गुरू, तर हिंदीत कवि आणि गुरु. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण घरात कुणी कुणाला लिहून दाखवत नाही.

मराठी टाकण्याआधी एक परीक्षा स्वतःच घ्या. मराठी वर्तमानपत्रातला कुठलाही अग्रलेख वाचा, मिटून ठेवा आणि वीस मिनिटांत एक पान हाताने लिहून काढा. मग घरातल्या ज्याचं शिक्षण मराठीत झालंय त्याला तपासायला द्या. पानभर लाल खुणा आल्या तरी घाबरू नका, पण मग रोज अर्धं पान लिहायची तयारी ठेवा. वाडीतल्या त्या मुलाने दिवाळीपर्यंत तेवढंच केलं. रोज अर्धं पान बघून उतरवायचं, मग न बघता लिहायचं. तो चांगल्या गुणांनी सुटला.

दुसरी चूक याच्या उलट आहे आणि मला ती जास्त खुपते. “गुजराती? ती आपली नाही.” पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांतली मुलंही असं म्हणतात. खरं तर मराठी माणसाला गुजरातीइतकी जवळची भाषा क्वचितच सापडेल. दोन्हींत तीन लिंगं आहेत, हिंदीत दोनच. ‘ळ’ दोन्हींत आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक जसा आपल्याला आहे तसाच गुजरातीलाही आहे, हिंदीत त्या दोन्हींचं ‘हम’ होतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना अडते ती लिपी, आणि तीही नुसती शिरोरेषा गेलेली, थोडी वळणं बदललेली देवनागरीच आहे. आठ-पंधरा दिवस दुकानांच्या पाट्या वाचत फिरलात तर हाताशी येते. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा आणला गेला. पुढे सयाजीराव महाराज झालेल्या त्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या गेल्या. कारभार ज्या लोकांचा करायचा त्यांची भाषा यायला नको का?

यात व्यवहारही आहे. गुजरातच्या राज्य सेवा परीक्षेत गुजरातीचा पेपर असतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत एका भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पात्रता पेपर असतो आणि तो मराठीतून किंवा गुजरातीतून देता येतो. ज्यांच्या मनात स्पर्धा परीक्षा आहे त्यांनी आपण कुठली परीक्षा देणार हे आत्ताच ठरवावं आणि भाषा त्यावरून निवडावी.

हिंदीबद्दल थोडक्यात. ‘सिनेमे बघून येते’ हे कारण पेपरात चालत नाही. मराठी मुलाला हिंदीत अडवतात ते ओळखीचे शब्द. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड, तिकडे शिक्षण. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा, तिकडे प्रयत्न. आपला संसार चार भिंतींतला, त्यांचा जगाएवढा. शाळेत दहावीपर्यंत हिंदी नीट शिकला असाल तर बिनधास्त घ्या.

आणि मग फ्रेंच-जर्मन. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत फ्रेंच, जर्मन आणि रशियन असे तिन्ही विभाग आहेत, आणि बाहेर शिकायला जायचं स्वप्न बघणारी मुलं तिकडे वळतात. चांगलंच आहे. पण दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. जर्मनच्या अगदी पहिल्या पायरीला, ए-वनला, गटे इन्स्टिट्यूट पंचेचाळीस मिनिटांचे ८० ते २०० तास धरते. म्हणजे तीस तासांत नमस्कार-चमत्कार, आकडे आणि वर्तमानकाळ होतील, व्हिसासाठी लागणारी जर्मन होणार नाही. परदेशी भाषा घ्यायची तर ती पुढच्या सत्रांतही चालू ठेवता येईल ना, किंवा जोडीने डिप्लोमा करता येईल ना, हे आधी विभागात जाऊन विचारा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सीबीएसईत फ्रेंच शिकून आलेली मुलंही त्याच वर्गात बसतात. तुम्ही पाटी कोरी घेऊन गेलात तर पहिला महिना जड जाईल. तो सोसायची तयारी असेल तर जा.

इंग्रजी टाळणं ही गुजराती किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची चूक. भीती मला समजते. पण सयाजीराव विद्यापीठात शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे, मेजरचे बहुतेक पेपरही इंग्रजीत लिहायचे. इंग्रजीचा एईसी पेपर म्हणजे त्या भीतीवर औषध घ्यायची हक्काची जागा. तिथे परिच्छेद कसा लिहायचा, सारांश कसा काढायचा हे शिकवतात, आणि ते थेट मेजरच्या उत्तरपत्रिकेत उपयोगी पडतं.

बारावीचाच विषय पुन्हा घेणं

मल्टिडिसिप्लिनरी विषयाचा हेतू आपल्या शाखेबाहेरचं काही शिकवणं हा आहे. यूजीसीच्या आराखड्यात स्पष्ट लिहिलंय की बारावीला शिकलेले, मेजर-मायनरच्या वाटेवरचे विषय या गटात पुन्हा घेता येत नाहीत. ‘अकाउंट्स येतंच, तेच घेतो’ म्हणणाऱ्यांचे फॉर्म इथेच अडकतात. कॉमर्सवाल्याने चित्रकलेचा इतिहास घ्यावा, सायन्सवाल्याने समाजशास्त्र. विषय अनोळखी आहे म्हणून कठीण असेलच असं नाही. तो पायापासून शिकवायचा असंच त्यात गृहीत धरलेलं असतं.

मैत्रीण घेते म्हणून

अठराव्या वर्षी नव्या इमारतीत एकटं बसायला नको वाटतं, ते खरंच आहे. तरी मैत्रिणीची बारावीची भाषा वेगळी, मेजर वेगळा, वाट वेगळी. विषय आपापला घ्या आणि डबा एकत्र खा.

नाव बघून निवडणं, अभ्यासक्रम न बघणं

‘मराठी’ एवढंच नाव असलेल्या पेपरात पत्रलेखन, अहवाल आणि सारांश असू शकतात, किंवा कवितासंग्रह आणि कादंबरी. दोन्ही चांगलंच, पण दोघांची तयारी निराळी. विभागात जा, अभ्यासक्रमाचं पान मागा, गेल्या वर्षीचा पेपर बघायला मिळतो का विचारा. शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे जुलैत मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. जाऊन विचारणारीच थोडी असतात.

वेळापत्रकही तिथेच बघून घ्या. या विद्यापीठाच्या शाखा शहरभर पसरल्या आहेत. इंजिनिअरिंग कलाभवनात, संगीत-नृत्य-नाट्य सूरसागराच्या काठी, बाकी बरंच सयाजीगंज-फतेहगंजच्या बाजूला. जोडविषयाचा वर्ग दुसऱ्या शाखेत असेल तर भर दुपारच्या रहदारीत स्कूटरवरून पोचायला किती वेळ लागतो, ते एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. रोज दहा मिनिटं उशीर झाला की हजेरी जाते, आणि हजेरी गेली की विषय कितीही आवडता असला तरी हातातून निसटतो.

निवड चुकलीच तर

चुकली तर गप्प बसू नका. मुलं इथेच वेळ घालवतात, कारण घरी सांगायची लाज वाटते. आई-वडिलांनीही अशा वेळी रागावू नये.

वर्ग सुरू झाल्यावरचे पहिले काही दिवस विषय बदलायला सगळ्यात बरे. साध्या कागदावर अर्ज लिहा : नाव, वर्ग, प्रवेश क्रमांक, घेतलेला विषय, हवा असलेला विषय आणि एका ओळीत कारण. आधी नव्या विभागात जागा आहे का ते विचारून घ्या, मग ऑफिसात अर्ज द्या, आणि शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. तोंडी ‘हो, करतो’ यावर विसंबून राहू नका. माझ्या एका भाचीचं असंच झालं. तिने बदललेल्या विषयाचे वर्ग सत्रभर केले आणि परीक्षेच्या फॉर्मवर मात्र जुनाच विषय छापून आला. प्रत हातात होती म्हणून निभावलं.

मुदत उलटली असेल तर ते सत्र नेटाने पार पाडा आणि पुढच्या सत्रात भाषा बदलता येते का, ते लेखी विचारा. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’ पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स हाही एक मार्ग आहे. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घ्यायला यूजीसीची परवानगी आहे. पण तो कोर्स आपल्या विद्यापीठाला मान्य आहे का, हे नाव नोंदवण्याआधी विचारा. कोर्स संपल्यावर विचारून उपयोग नाही.

शेवटची गोष्ट छोटी वाटते, पण दरवर्षी कुणीतरी तिच्यापायी खेपा घालतं. मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात, आणि ते खातं डिजिलॉकरमधून उघडतं. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी. शिवाय आपली आडनावं इंग्रजीत प्रत्येक कागदावर निराळ्या स्पेलिंगने लिहिलेली. नावं जुळली नाहीत तर क्रेडिट खात्यात दिसत नाहीत. सत्र सुरू होण्याआधी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, आणि फरक असेल तर आधार केंद्रात लगेच दुरुस्तीला द्या.