अतिशय अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव: औषधांबाबतच्या या चुका टाळा

२८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला, ‘जर्मिनल मॅट्रिक्स’ नावाचा अत्यंत नाजूक थर असतो. त्यातील रक्तवाहिन्या इतक्या पातळ असतात की रक्तदाब किंवा रक्तातील कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वरखाली झाला तरी त्या फुटू शकतात. हा रक्तस्राव बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतो. त्यामुळे तो टाळणाऱ्या औषधांची वेळ एकदा हुकली की ती पुन्हा येत नाही आणि सर्वांत प्रभावी औषधाची वेळ तर बाळ जन्मण्यापूर्वीच असते.

‘इंजेक्शन पुढे मोठ्या दवाखान्यात देतील’

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या एखाद्या गावात सहाव्या-सातव्या महिन्यातच कळा सुरू होतात, प्राथमिक आरोग्य केंद्रातून १०८ बोलावली जाते आणि मातेला सांगली-मिरजेला किंवा साताऱ्याला पाठवले जाते. मात्र वर सांगितलेल्या सर्वांत प्रभावी औषधाचा, म्हणजे स्टेरॉइडचा, पहिला डोस कोणीच देत नाही. जतहून मिरजेला पोहोचेपर्यंत दीड-दोन तास सहज जातात, पुढे दाखल होण्यात आणखी वेळ मोडतो आणि अनेकदा तोवर प्रसूती होऊन जाते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान मुदतपूर्व कळा लागल्यास मातेला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम स्नायूत, दर १२ तासांनी, असे ४ डोस द्यायचे असतात आणि पुढे पाठवण्यापूर्वीचा पहिला डोस एएनएमलाही (आरोग्य केंद्रातील परिचारिकेलाही) देता येतो. या औषधाने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात हे बहुतेकांना ठाऊक असते. पण मेंदूतील रक्तस्रावाचा धोकाही त्याने जवळपास ४० टक्क्यांनी कमी होतो, याकडे दुर्लक्ष होते.

येथे मात्रेची एक बारीक चूक वारंवार संभवते. आपल्याकडे सर्रास मिळणारी डेक्सामेथासोनची कुपी २ मिलिलिटरची असून तिच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे ६ मिलिग्रॅमसाठी दीड मिलिलिटर भरायचे असते, पूर्ण कुपी नव्हे. वेष्टनावरील प्रमाण वाचूनच सिरिंज भरावी. ‘आता प्रसूती होणारच, मग एका डोसाने काय साधणार’ असे म्हणून डोस टाळणेही चूक, कारण अपुऱ्या कोर्सचाही फायदा होतो. मात्र घाईने दोन डोसांमधील अंतर कमी करू नये, आणि गर्भपिशवीत उघड जंतुसंसर्ग असेल तर हे औषध देऊ नये.

डोस दिल्यावर औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि घड्याळातील वेळ रेफर चिठ्ठीवर लिहिली नाही, तर पुढचा डॉक्टर एक तर तोच डोस पुन्हा देतो किंवा झाला असेल असे समजून सोडून देतो. ‘स्टेरॉइड दिले’ एवढीच ओळ निरुपयोगी आहे. नातेवाइकांनीही गाडीत बसण्यापूर्वी ही नोंद मागून घ्यावी आणि पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत ठेवावा. ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या मातांचे जुने कागद पुष्कळदा गावीच राहिलेले असतात. मग नुसत्या पोटावरून आठवडे ठरवले जातात आणि औषधाचा निर्णय चुकतो. अशा वेळी गावी फोन करून रिपोर्टचा फोटो मागवण्याइतकी सवड बहुधा असते.

एका औषधाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा

मॅग्नेशियम सल्फेट प्रसूतीपूर्वी दिल्यास बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणारे अपंगत्व) होण्याची शक्यता कमी होते. ते जरूर द्यावे, पण ते रक्तस्राव रोखते असे समजून स्टेरॉइड वगळू नये. जन्मानंतरचे व्हिटॅमिन के प्रत्येक बाळाला आवश्यक आहे. मात्र ते त्या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होणारा रक्तस्राव टाळते, जर्मिनल मॅट्रिक्समधील नव्हे.

जन्मानंतर बाळाला शिरेतून देण्याच्या इंडोमेथासिन या औषधाबाबत अधिक सावधपणे बोलावे लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लवकरच हे औषध देण्यास सुरुवात केली असता गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले. परंतु दीड वर्षाच्या वयात अपंगत्वाविना जगलेल्या बाळांचे प्रमाण वाढले नाही. म्हणून ते सरसकट सर्वांना देणे योग्य ठरत नाही, आणि ‘उपयोग नाही’ म्हणून विचारातूनच काढून टाकणेही, माझ्या मते, घाईचे ठरेल. प्रसूतीपूर्व स्टेरॉइड न मिळालेल्या, अत्यंत कमी वजनाच्या बाळासाठी वरिष्ठ नवजात शिशुतज्ज्ञांनी त्याचा विचार करावा. लघवी कमी असणे, प्लेटलेट घटलेल्या असणे किंवा आतड्यांच्या आजाराची शंका असणे यांपैकी काही असेल तर ते टाळावे. ते हायड्रोकॉर्टिसोन या दुसऱ्या स्टेरॉइडसोबत देऊ नये, कारण आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. आणि शिरेतून झटकन न ढकलता सावकाश सोडावे, अन्यथा मेंदूचा रक्तपुरवठाच एकाएकी घटतो.

औषध दिले, तरी काळजी सुटू नये

सलाइनचा मोठा डोस भरभर देणे, रक्तातील आम्लता कमी करणारे सोडिअम बायकार्बोनेट वेगाने सोडणे, पहिल्या तीन दिवसांत मान एका बाजूला वळलेली राहू देणे, विनाकारण हाताळणे: यांपैकी काहीही औषधाने मिळवलेला फायदा घालवू शकते. डोके मध्यरेषेत आणि किंचित उंच ठेवावे. जन्मानंतर बाळाला गाडीतून हलवण्यानेही धोका वाढतो, म्हणून शक्य असेल तेव्हा आईलाच पोटातल्या बाळासह वेळेत हलवावे.

बाळ शांत दिसते म्हणून डोक्याची सोनोग्राफी लांबवणे हीदेखील मोठी चूक आहे, कारण अनेक रक्तस्राव कोणतेही बाह्य लक्षण न दाखवता होतात. पहिल्या आठवड्यात एक तपासणी आणि पुढे पुनर्तपासणी करून घ्यावी. रक्तस्राव आढळला असेल, तर नंतरच्या काही आठवड्यांत मेंदूत पाणी साठू शकते. म्हणून घरी सोडताना डोक्याचा घेर कार्डावर लिहून घ्यावा आणि प्रत्येक भेटीत तो मोजपट्टीने मोजला जातो आहे ना, हे पाहावे.