ज्यां द कारूजची वंशावळ मांडताना या चुका टाळा

चौदाव्या शतकातला नॉर्मंडीचा हा सरदार तसा किरकोळच. बायकोवर अत्याचार केल्याचा आरोप त्याने झाक ल ग्रीवर केला आणि 29 डिसेंबर 1386 ला पॅरिसमध्ये त्याच्याशी न्यायद्वंद्व (लढून खटल्याचा निकाल लावणं) लढला, म्हणून नाव टिकलं. पण त्याच्यावरच्या लेखांत त्याच त्या चुका भेटतात.

सगळ्यात महागात पडते ती तारीख. तेव्हा फ्रान्समध्ये वर्ष ईस्टरला बदलायचं. कारूजच्या बायकोवर, मार्गरीतवर अत्याचार झाला तो जानेवारीत. जुन्या पद्धतीने ते साल 1385, आपल्या हिशेबाने 1386. हे निसटलं की 1385 च्या उन्हाळ्यात कारूज स्कॉटलंडच्या मोहिमेवर निघण्याआधीच गुन्हा घडलेला दिसतो आणि सगळा क्रम कोलमडतो. मूळ कागदावरची तारीख 1 जानेवारी ते ईस्टर यांमधली असेल तर सालात एक मिळवा. आधुनिक ग्रंथांत ही दुरुस्ती बहुधा झालेली असते, तिथे पुन्हा मिळवू नका.

बापलेक दोघंही ज्यां. बेलेमचा किल्लेदार म्हणून जो ज्यां सापडेल तो बाप. 1382 मध्ये तो वारल्यावर त्याचा धनी असलेल्या आलांसोंच्या काउंट पिएरने ते पद लेकाला दिलंच नाही.

मार्गरीत ही दुसरी बायको. पहिली झान द तिली. ती गेली, तिचा मुलगाही गेला.

या घराचं भांडण फक्त अब्रूचं समजू नका. मार्गरीतच्या बापाने, रोबेर द तिबुविलने, ओनू-ल-फोकोंची जमीन 1377 मध्ये काउंटला 8000 लिव्रला (तेव्हाचं फ्रेंच चलन) विकली होती. काउंटने ती ल ग्रीला देऊन टाकली. कारूजने दावा लावला आणि हरला. मला विचाराल तर त्याचा स्वभाव कळतो तो इथे, आखाड्यात नव्हे.

त्या काळच्या बखरकाराचा, फ्रुआसारचा वृत्तांत बखरीसारखा वाचावा, निवाड्यासारखा नको. तो तर कारूजला स्कॉटलंडऐवजी पवित्र भूमीच्या यात्रेला पाठवतो!

आणि ‘फ्रान्समधलं शेवटचं द्वंद्व’ हे शब्द खोडाच. पॅरिसच्या पार्लमांने, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाने, मंजूर केलेलं ते शेवटचं. राजाच्या परवानगीने 1547 मध्येही झार्नाक नावाचा सरदार द्वंद्व लढलाच.