अडलेल्या एका पायरीपुरता व्हिडिओ

नव्यानं शिक्षक झालेले बरेच जण पहिल्यांदा हेच विचारतात, "मॅडम, स्क्रीन रेकॉर्डिंगला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" मी उलट विचारते, तुमची पोरं नेमकी कुठं अडतात? सॉफ्टवेअर एका दुपारी शिकता येतं. आख्खा धडा रेकॉर्ड करायचा नाही, हे पचायला मात्र वेळ लागतो. वर्गात तासभर शिकवलेलं घरी परत तासभर कोण बघणार?

मी कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. दहावीला वर्गसमीकरणांत पूर्ण वर्ग पद्धत आली की x² + 10x सारख्या गणितावर दरवर्षी तोच प्रश्न येतो: "मधे दहा आहेत, मग पंचवीस कुठून आले?" दहाचं निम्मं पाच, पाचाचा वर्ग पंचवीस. ते मिळवायचे आणि लगेच वजाही करायचे, नाहीतर समीकरणच बदलतं. संपलं. दोन-अडीच मिनिटांचा ऐवज आहे हा. त्याच्या आधी 'नमस्कार विद्यार्थी मित्रहो' नको, प्रकरणाची प्रस्तावना नको, आणि शाळेचा लोगो गोल फिरत येणं तर मुळीच नको. पोरगं अडलंय म्हणून आलंय, त्याला लगेच पंचवीस दाखवा.

छोटं ठेवायचं हे काही माझं खूळ नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावर व्हिडिओ पाहिल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त कामाची वाटते: तयार स्लाइड वाचून दाखवण्यापेक्षा शिक्षक हातानं लिहीत लिहीत समजावतो, ते विद्यार्थी जास्त वेळ बघतात. म्हणून नव्यांना सांगते, पॉवरपॉइंटच्या रंगांवर रात्री घालवू नका. साधा पेन टॅब्लेट घ्या. तोही नसेल तर मोबाइलवर नोट्सचं ॲप उघडून बोटानं लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालतं.

पडद्यावर आख्खं वाक्य लिहायचं आणि तेच मोठ्यानं वाचायचं, ही आपल्याकडची लाडकी सवय आहे. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत हेच दिसलं, की चित्र, बोलणं आणि तोच मजकूर असं तिन्ही एकदम दिलं की शिकणं सुधारत नाही, उलट बिघडतं. पडद्यावर आकडे आणि आकृती ठेवा. वाक्यं तोंडानं बोला, आणि तीही वर्गात बोलता तशी. रेकॉर्डिंग सुरू झालं की आपल्यातल्या चांगल्या चांगल्यांच्या तोंडून आकाशवाणीवरच्या बातम्या येतात, का कोण जाणे!

फळ्यावर जे जमत नाही त्यासाठी पडदा वापरावा. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या. जिओजेब्रा या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढायचा, पायाला समांतर रेषा टाकायची, त्या रेषेनं दोन्ही बाजूंचे जे तुकडे होतात त्यांची गुणोत्तरं शेजारी दिसतील असं करायचं आणि शिरोबिंदू धरून ओढायचा. त्रिकोण हवा तसा वेडावाकडा होतो, गुणोत्तरं मात्र एकमेकांना सोडत नाहीत. इथं दहा सेकंद गप्प बसा. अर्थनियोजनातलं जीएसटीचं बिलही एक्सेलमध्ये उघडून दाखवता येतं: दर बदलला की कोणकोणते आकडे हलतात ते पोरांना डोळ्यांनी दिसतं.

आता आवाज. चित्र थोडं धूसर असलं तरी पोरं सांभाळून घेतात, आवाज फुटका असला की बंद करतात. आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की ऊस भरलेले ट्रॅक्टर रात्रभर टेप लावून कारखान्याकडं जातात. त्या दिवसांत मी पहाटे रेकॉर्ड करते. पंखा बंद, खिडकी बंद, माइक तोंडापासून वीतभर. साधा कॉलरला लावायचा वायरवाला माइकही लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो. गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली खोली निवडा. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोननं ऐका, मगच पुढं जा.

साधनांचं थोडक्यात. अँड्रॉइड ११ पासून बहुतेक फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डर आधीपासूनच असतो. सुरू करताना आवाज 'मायक्रोफोन'वर आहे ना ते बघा. लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेवा, म्हणजे मधेच लाइट गेली तरी तोवरचं शाबूत राहतं. नंतर फाइल मेनूतल्या रीमक्सनं त्याचं एमपी४ करता येतं. विंडोजच्या गेम बारचा शॉर्टकट सोपा आहे खरा, पण तो एकाच ॲपची खिडकी टिपतो, डेस्कटॉप टिपत नाही.

तुम्ही लॅपटॉपवर करता, पोरं बापाच्या मोबाइलवर बघतात. म्हणून पान दीडशे-दोनशे टक्के मोठं करा, माउसचा बाण मोठा करा आणि तो उगाच गरगर फिरवू नका. पुस्तकाचं पान जसंच्या तसं दाखवून यूट्यूबवर टाकू नये. त्याचे हक्क बालभारतीकडे असतात. त्याच जातीचं गणित आपले आकडे घालून रचायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

रेकॉर्डच्या बटणाला हात लावण्याआधी व्हॉट्सॲप वेब बंद, नोटिफिकेशन बंद. एखादं पोर्टल कसं भरायचं हे सहकाऱ्यांना दाखवणार असाल तर दुप्पट काळजी घ्या. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक पडद्यावर असतात आणि तो व्हिडिओ तालुक्याच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतो. खोटी माहिती भरलेली नमुना नोंद दाखवा, किंवा तेवढा भाग झाका.

बाहेर पाठवण्याआधी वर्गातल्या एका कच्च्या मुलाला समोर बसवून बघायला द्या, आणि तुम्ही तोंड उघडू नका. तो जिथं मागं ओढून परत बघतो, तिथं तुमचं बोलणं अडखळलंय किंवा एक पायरी गळलीय. हुशार मुलाला दाखवून काही कळत नाही, तो "छान आहे मॅडम" म्हणून मोकळा होतो. मुख्याध्यापकांचंही तेच.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि बारीक घातांक पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. यूट्यूबवर अनलिस्टेड ठेवलं तर लिंक असलेल्यांनाच दिसतं. 'मुलांसाठी बनवलेला' हा पर्याय निवडलात तर कॉमेंट बंद होतात, तेव्हा शंका विचारायला ग्रुपच वापरावा लागेल. पण फाइलही द्याच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा दिवसांत नेटचा भरवसा कोण धरणार? फोनमध्ये उतरवलेलं तेवढं हाताशी राहतं.

आणि फाइलला नाव द्या. रेकॉर्डरनं दिलेले तारखेचे आकडे तसेच ठेवू नका. 'दहावी – वर्गसमीकरणे – पंचवीस कुठून आले' असं लिहा. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं ग्रुपमध्ये 'पंचवीस' टाकूनच शोधतात.