घरचा वाढदिवस: सकाळी औक्षण, संध्याकाळी दोस्त

चार ते सात वर्षांच्या मुलाचा वाढदिवस घरी करायचा असेल, तर आधी दिवसाचे दोन भाग करा. सकाळ घरच्यांची, संध्याकाळ दोस्तांची. बहुतेक घरांत औक्षण, केक, फोटो, जेवण असं सगळं संध्याकाळी सातच्या पुढे एका तासात कोंबलं जातं. नवे कपडे टोचत असतात, वीस माणसं ‘इकडे बघ, इकडे बघ’ करत असतात. मग मूल रडतं आणि कुणीतरी म्हणतं, दृष्ट लागली. दृष्ट कसली, दुपारची झोप बुडालेली असते.

सकाळ

आंघोळ झाली की शाळेच्या आधी औक्षण. पंधरा मिनिटं पुरतात. ताम्हणात हळद-कुंकू, अख्ख्या तांदळाच्या अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन आणि वाटीत साखर किंवा पेढा. कुंकू थेंबभर पाण्यातच कालवा. पातळ झालं की ओघळ नाकावरून थेट नव्या सदऱ्यावर येतो. निरांजनात तेल नको, ओवाळताना ते हिंदकळतं. फुलवात तुपात भिजवून निरांजनासकट पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. तूप थिजतं, वात सरळ उभी राहते.

पाटाभोवती रांगोळी, मुलाचं तोंड पूर्वेला. पूर्वेला खिडकी असेल तर फोटोचंही काम झालं: उजेड चेहऱ्यावर येतो आणि फ्लॅश लागत नाही. फ्लॅश मारला की निरांजनाचा उजेड फोटोत मरतो. आधी कुंकू, मग डोक्यावर अक्षता, मग सुपारी-अंगठीने ओवाळणं, मग निरांजनाने आणि शेवटी तोंड गोड. नंतर मोठ्यांना नमस्कार. बाबा-आजोबांनी ओवाळलं तरी काही बिघडत नाही. ओवाळणाऱ्यांचे मोकळे केस मात्र बांधलेले हवेत. आणखी एक: केकची सवय झालेलं मूल निरांजनावरही फुंकर मारतं. ‘हा दिवा विझवायचा नाही’ हे पाटावर बसायच्या आधीच सांगा.

काका-मामा कॅलिफोर्नियात असतील तर सकाळचं औक्षणच सोयीचं. इथे आठ वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, उन्हाळ्यात साडेसात, थंडीत साडेसहा.

उंचीची पट्टी

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करण्यापेक्षा हे बरं, कारण चौकटीला रंग लागतो आणि भाड्याचं घर सुटतं. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा काठ घ्या, तीन-चार बोटं रुंद आणि दोन मीटर लांब. आधी पाण्यात भिजवून वाळवा. नंतर कधी धुताना आटला तर सगळी मापं खोटी ठरतात. वरच्या टोकाला नेफा शिवून बारीक काठी घाला आणि खालचं टोक जमिनीला जेमतेम टेकेल असा खिळ्याला टांगा.

मूल अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, डोक्यावरची वेणी-बो सोडलेला. डोक्यावर पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरा. नुसता हात धरला तर तो तिरका होतो आणि दोन सेंटीमीटर सहज वाढतात. पुस्तकाच्या खालच्या कडेशी टाचणी लावा. रात्री सवडीने तिथे रंगीत दोऱ्याची उलटी टीप घाला आणि शेजारी सालाचे आकडे भरा. दरवर्षी दोरा वेगळ्या रंगाचा. माप नेहमी औक्षणानंतर, सकाळीच घ्यायचं: दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटीमीटरभर कमी भरू शकते. पुढच्या वर्षी पट्टी टांगल्यावर जमिनीपासून जुन्या टिपेपर्यंतचं अंतर टेपने पडताळा. त्यासाठी पहिल्याच वर्षी तो आकडा काठाच्या मागे लिहून ठेवा.

केक

रव्याचा केक आदल्या रात्री करावा. गरम कापला की भुगा होतो. दीड वाटी बारीक रवा, वाटीभर पिठीसाखर, पाऊण वाटी दही, अर्धी वाटीला थोडं कमी तेल आणि पाऊण वाटी दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. रवा फुगून मिश्रण घट्ट होतं, तेव्हा आणखी पाव वाटी दूध लागू शकतं. चहाचा एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी घालायचा. आधी घातला तर भांडं आचेवर जाईपर्यंत त्याचा जोर सरतो आणि केक दडस होतो. टुटीफ्रुटी चमचाभर मैद्यात घोळवून घाला, नाहीतर सगळी तळाशी बसते.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं मोठं पातेलं घ्या. तळाला मिठाचा थर, त्यावर तिवई, घट्ट झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवून मग केकचं भांडं आत ठेवा आणि मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं भाजा. पहिल्या अर्ध्या तासात झाकण उघडलं की केक मध्ये खचतो. कुकरच वापरायचा असेल तर जुना घ्या आणि शिट्टी व रबर काढून ठेवा.

संध्याकाळ

पाच ते सात. निमंत्रणात सातचा आकडाही लिहा. मुलं किती बोलवायची? वय अधिक दोन. पहिला अर्धा तास काहीच ठरवू नका, मुलं येतच असतात.

संगीत खुर्चीत पाच वर्षांचं मूल बाद झालं की ते आईच्या मांडीवर जाऊन बसतं आणि खेळ तिथेच संपतो. म्हणून खुर्च्या कमी करा, मुलं नको. शेवटी आठ जण एका खुर्चीवर कसेबसे मावतात, तेच त्यांना हवं असतं. पार्सल फिरवायचं असेल तर जितकी मुलं तितके वर्तमानपत्राचे थर आणि प्रत्येक थरात एक गोळी. खजिन्याच्या चिठ्ठ्यांवर अक्षरांऐवजी चित्रं काढा: फ्रीज, चपलांचा स्टँड, तुळस.

सहाला केक. फळं त्याआधी द्या, नंतर कुणी हात लावत नाही. तिखटात एकच पदार्थ, छोट्या इडल्या किंवा सँडविच. धाकटी भावंडं येणार असतील तर अख्खे शेंगदाणे नकोत, द्राक्षं उभी चार फोडी करून.

फेसाचा स्प्रे घरात आणूच नका. बऱ्याच डब्यांत ज्वालाग्राही वायू असतो आणि पेटत्या मेणबत्तीशेजारी तो भडकतो. तरंगणाऱ्या फुग्यांत हायड्रोजन भरलेला असू शकतो, तेही आगीपासून लांब. फुटक्या फुग्याचे तुकडे लगेच वेचा, लहान मुलाच्या घशात ते चिकटून बसतात.

जाताना हातात रंगीत खडूंची एक-एक पेटी. दोन जास्तीच्या ठेवा, कुणीतरी धाकट्याला घेऊन येतंच.

रात्र

दिवे मालवल्यावर फोनवर आवाज रेकॉर्ड करा. दरवर्षी तेच पाच प्रश्न: सगळ्यात चांगला मित्र कोण, कशाची भीती वाटते, आवडती भाजी कोणती, आई दिवसभर काय करते, मोठेपणी काय होणार. ‘हॅलिकॉप्टर’ म्हणालं तर म्हणू द्या, दुरुस्त करू नका. फाइलला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं नाव द्या, म्हणजे सगळ्या वर्षांच्या फाइली आपोआप ओळीने लागतात. आणि झोपण्यापूर्वी एकदा फोटो चाळा: आई एकाही फोटोत नसेल, तर फोन कपाटावर टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावा.