युरोपात मोटारसायकलवर जायचंय? आधी घाट कधी उघडतात ते बघा

नाशिकमधून युरोपच्या सफरीची तयारी करणारे बहुतेक जण आधी गाडी ठरवतात, मग देश मोजायला लागतात. तारीख सगळ्यात शेवटी, सुट्टी मिळेल तशी. हा क्रम उलटा करा. आल्प्समधले उंच घाट वर्षातला निम्म्याहून जास्त काळ बर्फाखाली बंद असतात. इटलीतला स्टेल्व्हियो (२,७५७ मीटर) मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतो. स्वित्झर्लंडमधले फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन जूनमध्ये मोकळे होतात. ऑस्ट्रियाचा ग्रोसग्लॉकनर मेमध्येच सुरू होतो, तर रोमानियाचा ट्रान्सफगराशान जवळपास जुलै उजाडेपर्यंत उघडत नाही. ऑक्टोबर संपता संपता यातले बरेचसे पुन्हा बंद. बर्फ जास्त पडला की तारखा पुढे सरकतात, म्हणून उघडण्याच्या पहिल्याच आठवड्यावर बेत आखू नका.

म्हणजे हातात दोन चांगले काळ उरतात: २० जून ते १५ जुलै आणि सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. ऑगस्ट टाळाच. इटलीत १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा देश सुट्टीवर असतो, घाटात गाड्यांची रांग लागते आणि खोल्यांचे दर चढतात. द्राक्षबाग असणाऱ्यांना सप्टेंबर बरा पडतो, ऑक्टोबर छाटणीच्या आधी परत येता येतं. अर्ली छाटणी घेणाऱ्यांनी आपलं वेळापत्रक बघून ठरवावं. २०२७ मध्ये जाणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत हे लक्षात ठेवा आणि विमान गाठायला नाशिकमधून एक दिवस आधीच निघा.

स्वतःची गाडी की भाड्याची?

दोन-चार आठवड्यांसाठी भाड्याची घ्या. पाकिस्तानातून रस्ता नाही, त्यामुळे आपली गाडी न्यायची तर न्हावाशेव्यातून जहाजाने किंवा मग विमानाने. जहाजाने जाताना आणि येताना आठवडेच्या आठवडे जातात, वर पेटी, बंदराचे खर्च, कस्टम एजंट आणि परत आणताना भारतीय कस्टमची कागदपत्रं. तीन-चार महिन्यांची सफर असेल तरच हे परवडतं.

भाडं गाडीनुसार दिवसाला साधारण १०० ते १८० युरो धरा. म्युनिक सोयीचं ठिकाण आहे: मुंबईहून थेट विमान मिळतं आणि आल्प्स दोन तासांवर. गाडी निवडताना मात्र मन आवरा. बुलेट ३५० चं वजन १९५ किलो, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचं जवळपास २५० किलो आणि सीटची उंची ८५० मिलिमीटर. त्यात सामानाच्या दोन पेट्या आणि मागे माणूस बसला की उतारावरच्या हेअरपिनमध्ये (इंग्रजी 'यू'सारख्या वळणात) थांबताना पाय टेकत नाही आणि गाडी जागच्या जागी आडवी होते. भाड्याच्या गाड्यांचं बरंचसं नुकसान असं उभ्या उभ्याच होतं. उंची साडेपाच फुटांच्या आसपास असेल तर ७०० ते ९०० सीसीची गाडी घ्या आणि बुकिंग करतानाच कमी उंचीची सीट मागून घ्या. एकट्याने जाणाऱ्याला हिमालयन ४५० सुद्धा घाटात पुरते.

करार वाचताना चार गोष्टी शोधा: रोजची किलोमीटर मर्यादा, कोणत्या देशांत न्यायला परवानगी आहे, नुकसान झाल्यास तुमच्या खिशातून किती जाणार आणि डिपॉझिट किती. डिपॉझिट एक ते तीन हजार युरो असतं आणि ते क्रेडिट कार्डावर अडकतं. प्रीपेड फॉरेक्स कार्ड तिथे बहुधा चालत नाही. कार्ड गाडी घेणाऱ्याच्याच नावावर हवं आणि मर्यादा निघण्याआधी वाढवून घ्यायला हवी. वयाची अट बहुतेक ठिकाणी २१ ते २५ च्या पुढे असते, परवानाही किमान एक-दोन वर्षं जुना लागतो.

कागदपत्रं

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, म्हणून तीन-चार महिने आधी लागा. फी ९० युरो, व्हिसा अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः मुंबईला जावं लागतं, काही देशांसाठी पुण्यातही सोय आहे. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं.

इथे एक चूक हमखास होते. अर्ज विमान उतरतं त्या देशाकडे करायचा नसतो, सगळ्यात जास्त रात्री जिथे मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. रात्री सारख्या निघाल्या तरच पहिला प्रवेश बघतात. समजा गाडी म्युनिकला घेतली, पण जर्मनीत तीन रात्री, ऑस्ट्रियात एक, इटलीत पाच आणि स्वित्झर्लंडमध्ये तीन, तर अर्ज इटलीकडे. म्हणून आधी रात्रींचा तक्ता बनवा आणि रद्द करता येणारी बुकिंग त्याच तक्त्यानुसार करा. तक्ता आणि बुकिंग यांत एका रात्रीचाही फरक ठेवू नका.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पण अनेक ट्रॅव्हल पॉलिसींत ठरावीक सीसीच्या वरची मोटारसायकल वगळलेली असते, किंवा ती साहसी खेळात धरतात. व्हिसा मिळेल आणि अपघात झाल्यावर दावा फेटाळला जाईल, असा हा सापळा. वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा आणि 'भाड्याची ९०० सीसी मोटारसायकल चालवताना झालेली दुखापत धरली आहे का' हे कंपनीला ई-मेलने विचारून लेखी उत्तर घ्या.

आंतरराष्ट्रीय परवाना पेठ रोडच्या आरटीओतून निघतो. अर्ज सारथी पोर्टलवर, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तुमच्या मूळ परवान्यावर गिअरच्या मोटारसायकलची नोंद हवी, फक्त कारची असून चालत नाही. हातात पडल्यावर तिथेच उघडून बघा: मोटारसायकलच्या 'ए' वर्गासमोर शिक्का हवा. नसेल तर खिडकीवरून हलू नका. तिकडे हा परवाना एकटा चालत नाही, मूळ परवानाही सोबत लागतो.

अंतर तासांत मोजा

नाशिक-पुणे महामार्गाचा हिशेब घाटाला लावू नका. आल्प्समध्ये चहापाणी, फोटो, पेट्रोल धरून ताशी ४० ते ४५ किलोमीटरच पडतात. दिवसाला २०० किलोमीटर भरपूर झाले. 'बारा दिवसांत दहा देश' असे बेत दिसतात, त्यात दिवसभर मोटरवेची कडेची भिंत बघायला मिळते. त्यापेक्षा चार देश घ्या आणि त्यांतले घाट नीट चालवा.

बारा रात्रींचा एक चांगला मार्ग असा. म्युनिकहून ऑस्ट्रियातलं फुश, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ग्रोसग्लॉकनर चढून लिएन्झवरून इटलीत कोर्व्हारा. हा टोल रस्ता आहे, ४८ किलोमीटर आणि ३६ मोठी वळणं. कोर्व्हारात तीन रात्री: सेला, पोर्दोई, गार्देना, कांपोलोंगो या चार घाटांचा फेरा इथूनच. मग बोल्झानोवरून प्रातोला जाऊन स्टेल्व्हियो चढा, मुक्काम बोर्मियोत. या बाजूने ४८ हेअरपिन आहेत. पुढे लिव्हिन्यो, हे करमुक्त गाव असल्याने टाकी इथे भरा. तिथून बेर्निना, युलियर, ओबरआल्प हे घाट करत स्वित्झर्लंडमधलं आंदरमाट. आंदरमाटला तीन रात्री ठेवा, कारण फुर्का-ग्रिम्सेल-सुस्टेनचा सुमारे १२० किलोमीटरचा फेरा आणि पावसासाठी एक राखीव दिवस. परतीला क्लाउझेन घाट, लिक्टेनस्टाईन, फ्युसेन, म्युनिक. सगळं मिळून दोन हजार किलोमीटरच्या आत. घाटाचे दिवस सोमवार ते गुरुवार पडतील असं बसवा. शनिवार-रविवारी अख्खं दक्षिण जर्मनी याच रस्त्यांवर असतं.

टोलचं म्हणाल तर जर्मनीत मोटारसायकलला नाही. ऑस्ट्रियात मोटरवेसाठी विग्नेट (ठरावीक मुदतीचा टोल पास) लागतं, ते कमी दिवसांचंही मिळतं. स्वित्झर्लंडचं विग्नेट फक्त वर्षाचं, ४० फ्रँक. पण मोटरवे टाळून घाटांनीच जाणार असाल तर ते लागतच नाही. नकाशाच्या ॲपमध्ये 'मोटरवे टाळा' हे सुरू आहे ना, तेवढं रोज सकाळी बघा. भाड्याच्या गाडीवर आधीपासून विग्नेट असू शकतं, घेण्यापूर्वी विचारा.

अंगावर काय, पेटीत काय

स्टेल्व्हियोच्या पायथ्याशी, ९०० मीटरवर २५ अंश असतील तर माथ्यावर १३ धरा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. पाऊस आला तर आणखी खाली. जॅकेटच्या आत पातळ थर्मल, त्यावर काढता येणारं अस्तर आणि वेगळा रेनसूट असे थर ठेवा. रेनसूटची परीक्षा जुलैत इगतपुरीला घ्या: दोन तास पावसात चालवल्यावर मान, मनगट आणि मांडीचा सांधा कोरडा राहिला पाहिजे. पाणी शिरतं ते इथूनच.

हेल्मेट ईसीई २२.०५ किंवा २२.०६ (युरोपातलं हेल्मेटचं सुरक्षा मानक) शिक्क्याचं हवं. फक्त आयएसआयचं नेऊ नका. काच पारदर्शक ठेवा, कारण उन्हातून थेट अंधाऱ्या बोगद्यात शिरावं लागतं आणि काळी काच असली की काही सेकंद काहीच दिसत नाही. फ्रान्समध्ये सीई (युरोपीय मानकाच्या) शिक्क्याचे हातमोजे सक्तीचे आहेत. बेल्जियममध्ये तर हातमोजे, लांब बाह्या, लांब पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट हे सगळंच.

खाण्याचं सामान नेताना तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, ते विमानतळावर काढून घेतात. चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी न्या. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी संध्याकाळी ब्रेड-फळं भरून ठेवा. सिम घेताना त्यात स्वित्झर्लंड आहे का बघा, युरोपच्या अनेक पॅकमध्ये ते नसतं.

उजव्या बाजूने चालवताना

नाशिकच्या माणसाला कसारा घाटाची सवय असते, तिथे डावं वळण आतलं आणि अरुंद. युरोपात गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे चढावरचं उजवं हेअरपिन सगळ्यात अवघड. नवखा माणूस तिथे घाबरून आधीच गाडी आत घालतो, मध्येच वेग मरतो, क्लच दाबला जातो आणि गाडी आतल्या बाजूला पडते. बरोबर पद्धत अशी: वळणाच्या आधीच पहिला गिअर, रस्त्याच्या मधल्या रेषेजवळून पण तिच्या आतूनच सुरुवात, मान वळवून नजर वळणाच्या पलीकडच्या रस्त्यावर, आणि क्लच पूर्ण न दाबता ॲक्सिलरेटर स्थिर. तोल सांभाळायला मागचा ब्रेक हलका. पुढच्या ब्रेकला वळणात हात लावू नका. डाव्या वळणात धोका वेगळा आहे: गाडी आपल्या लेनमध्ये असते, पण झुकल्यामुळे डोकं मधल्या रेषेपलीकडे जातं. म्हणून चाकं लेनच्या उजवीकडच्या एक तृतीयांश भागात ठेवा.

सराव इथेच होतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा आणि सापुताऱ्याचा घाट, दोन्ही पेट्यांत मिळून वीस किलो वजन भरून, सलग तीन दिवस. अर्थात इथे अवघड वळण डावं असेल, तंत्र तेच.

बाजू चुकते ती गर्दीत नाही. ती चुकते सकाळी हॉटेलमधून किंवा रिकाम्या पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, जेव्हा समोर एकही गाडी नसते. टाकीवर उजवीकडचा बाण चिकटवा. चौकातल्या गोलाला आधीच फिरणाऱ्यांना वाट द्या, ते डावीकडून येतात. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं. स्वित्झर्लंडच्या डोंगरी टपाल रस्त्यांवर पिवळ्या पोस्टबसला पहिला हक्क असतो. वळणाआड तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की थांबून कडेला व्हा.

पंपावर एक शब्द घात करतो. इटलीत 'गॅसोलिओ' म्हणजे डिझेल, पेट्रोल म्हणजे 'बेन्झिना'. फ्रान्समध्ये 'गाझोल' डिझेल. इटलीत 'सर्व्हितो' लिहिलेल्या पंपावर माणूस भरून देतो आणि दर जास्त, 'फाय दा ते'वर स्वतः भरायचं. दुपारी आणि रविवारी पंपावर माणूस नसतो, यंत्राला पिन असलेलं कार्ड लागतं. ते यंत्र आधी शंभरेक युरो अडकवून ठेवतं, जास्तीचे नंतर सुटतात. कार्डात तेवढी जागा ठेवा.

गाडी घेताना आणि देताना

दुकानातून हलण्याआधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. रिम, आरशांच्या कडा, क्लच-ब्रेकच्या दांड्यांची टोकं, पेट्यांचे कोपरे आणि इंजिनखालची प्लेट जवळून टिपा. आधीचा प्रत्येक ओरखडा करारावर लिहून घ्या. टायरची नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण दोन हजार किलोमीटर जायचं असेल तर तीनपेक्षा कमी घेऊ नका, दुसरी गाडी मागा. हवा तिकडे बारमध्ये मोजतात, एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. चेन असलेल्या गाडीला दर पाचशे किलोमीटरला आणि पावसानंतर त्याच संध्याकाळी तेल द्या.

परत करताना दुकान बंद व्हायच्या दोन तास आधी पोचा, म्हणजे तपासणी तुमच्यासमोर होईल. 'नवीन नुकसान नाही' हे सहीसह कागदावर घ्या. डिपॉझिट सुटायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. वेगाचा किंवा इटलीतल्या जुन्या शहरांच्या बंदी भागात शिरल्याचा दंड कॅमेऱ्यातून भाड्याच्या कंपनीकडे जातो, मग तिचा आकार जोडून तुमच्या कार्डावर, कधी कधी कित्येक महिन्यांनी. तोपर्यंत ते कार्ड बंद करू नका, आणि करार, व्हिडिओ, रोजच्या मार्गाची नोंद वर्षभर जपून ठेवा.